बिल्ला असेल त्याचा हात

शिक्षक संघटनेच्या सरचिटणीसांना सगळी शाळा पाठीमागे ठरावसर म्हणायची. हे नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायचंही. जगाच्या पाठीवर कुठेही काही वाईट घडलं की ठरावसर त्याच्याविरुद्ध ठराव करून मोकळे. पूर आला, ठराव. भूकंप झाला, ठराव. शाळेच्या मुतारीचा नळ मात्र वर्षानुवर्षं गळत होता. त्याच्यावर ठराव झाला नाही, कारण त्यात ‘मानवता’ हा शब्द कुठे बसवायचा ते त्यांना सुचलं नसावं.

म्हणून त्या शनिवारी संघटनेची वार्षिक सभा शाळेच्याच सभागृहात भरली आणि दारावर पहिला विषय म्हणून ‘निर्वासित मुलांच्या शिक्षणास पाठिंबा’ असं झळकलं, तेव्हा ते वाचून भोंगा अशी काही हसली की आत खुर्च्या मांडणारा शिपाई बाहेर डोकावून गेला.

भोंगा म्हणजे शाळेतल्या शेवटच्या वर्गातली मुलगी. आवाजावरून पडलेलं नाव. दोन वर्षांपूर्वी कुणी या नावाने हाक मारली की ती घरी जाऊन उशीत तोंड खुपसायची. यंदा तिने ते स्वतःच दप्तरावर मोठ्या अक्षरांत रंगवून टाकलं होतं, आणि तेव्हापासून चिडवणाऱ्यांचीच पंचाईत झाली होती. तिची आई त्याच शाळेत खालच्या वर्गांना विज्ञान शिकवायची. आई मितभाषी, इतकी की बापलेक म्हणायचे, घरातला सगळा आवाज एकटी लेकच वापरून टाकते, तर आईला उरणार कुठून. संघटनेत आईकडे एकच काम होतं. सभेत मतदान झालं की ओळीओळीतून फिरून वर झालेले हात मोजायचे. ते काम ती इतकी वर्षं करत होती आणि तिने सांगितलेल्या आकड्यावर कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं.

आता पाठिंबा कशाला, ते सांगायला हवं. सीमेपलीकडे लढाई पेटली आणि माणसं जीव मुठीत धरून इकडे आली. त्यांच्यातली दहा मुलं या शाळेच्या वाट्याला आली. मोठा समारंभ झाला. ठरावसरांनी त्यांना ‘आपले छोटे पाहुणे’ म्हटलं, डोळे पुसले, आणि मुलांना जिन्याखालच्या खोलीत बसवण्यात आलं. त्या खोलीत पूर्वी संघटनेचे जुने फलक, मोर्च्याच्या काठ्या आणि एक फुटका कर्णा पडलेला असायचा. सामान भिंतीला टेकवलं, दारावर ‘स्वागत कक्ष’ अशी पाटी लावली. झालं स्वागत. काही आठवड्यांचा प्रश्न आहे, मुलं जरा रुळली की वर्गात जातील, असं सांगितलं गेलं. पाऊस येऊन गेला, थंडी येऊन गेली, मुलं अजून रुळतच होती.

घोडं अडलं होतं ते पस्तिशीपाशी. एका वर्गात पस्तीसच मुलं, वर एकही नाही, हा नियम संघटनेने फार पूर्वी संप करून मिळवलेला. भोंगाची आई सांगायची की त्याआधी एकेका वर्गात साठ-साठ मुलं कोंबलेली असायची, तेव्हा हा नियम म्हणजे खरंच मोठी कमाई होती. पण सगळे वर्ग पस्तिशीला टेकलेले. म्हणजे नवीन वर्ग हवा, त्याला नवीन शिक्षक हवा, त्याचं पद मंजूर व्हायला हवं, आणि ते मंजूर करणारे साहेब कायम दौऱ्यावर. मुख्याध्यापक म्हणत, माझी काही ना नाही, संघटनेला विचारा. संघटना म्हणे, आमचा पूर्ण पाठिंबा आहे, सरकारला विचारा. मुलं जिन्याखाली. बरं, नियम म्हणजे अगदी काळ्या दगडावरची रेघ म्हणावी, तर शिक्षणाधिकाऱ्यांचा भाचा बदलून आला तेव्हा छत्तिसावं बाक एका दुपारीत वर्गात आलं होतं. ते कुठून आलं, कुणी आणलं, हे कुणालाच दिसलं नाही. बाकाला पंख असतील.

भोंगा त्या खोलीत पोहोचली ती गणिताच्या बाईंच्या कृपेने. बडबड केली म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं. बाहेर उभं राहून पाय दुखले, म्हणून ती जिना उतरली आणि जिन्याखालचं दार ढकललं. आत मुलं बदकं रंगवत होती. चित्रकलेच्या सरांनी काढलेलं एकच बदक, त्याच्या छापील प्रती. सर भले माणूस होते, पण त्यांना आठवड्यातून दोनच तास दिलेले आणि बाकीच्या तासांना ज्याला मोकळा वेळ असेल त्याने डोकावायचं, असं ठरलेलं. मोकळा वेळ कुणालाच नसतो. त्यामुळे बदकं. सहा वर्षांच्या पोरालाही बदक आणि भोंगाच्याच वयाच्या उंच, लांब वेणीच्या मुलीलाही बदक. त्या मुलीने आपलं बदक चोचीपासून शेपटीपर्यंत काळं केलं होतं आणि आता ती आजूबाजूचं तळंही काळं करत होती.

भोंगाने विचारलं, हे काय.

“रंग संपवते आहे,” ती म्हणाली. “संपला की दुसरं काहीतरी देतील.”

भोंगाने तिचं नाव पाहुणी ठेवलं, ठरावसरांची नक्कल करून, आणि पाहुणीने ते चालवून घेतलं. म्हणाली, चालेल, पण तुमच्याकडे पाहुण्यांना फार दिवस ओसरीवरच बसवतात. ती इथली भाषा इतकी चांगली कशी बोलते याचं भोंगाला नवल वाटलं, तर पाहुणीने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे टेकवलेले जुने फलक. वाचायला खोलीत दुसरं काही नव्हतं, त्यामुळे दहाही मुलं त्यांच्यावरच वाचायला शिकली होती. सहा वर्षांचा चिमुरडा ‘आई’ म्हणायच्या आधी ‘हुकूमशाही मुर्दाबाद’ म्हणायला शिकला होता. आणि सगळ्यांत मोठ्या फलकावर, वाळवीने एक कोपरा खाल्लेल्या, लिहिलं होतं: शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क. त्या फलकाला टेकून ती बदकं रंगवत.

तेव्हापासून भोंगा मुद्दाम बडबड करून वर्गाबाहेर पडू लागली. गणिताच्या बाईंना वाटलं पोरगी हाताबाहेर गेली. पोरगी खाली जाऊन आपल्या वह्या पाहुणीला दाखवत होती आणि त्या बदल्यात शाळेतल्या सगळ्या भानगडी तिखटमीठ लावून सांगत होती. त्यातलीच एक मेव्हण्याची. दोन वर्षांपूर्वी ठरावसर निवडून आले ते काठावर, आणि त्यांच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत त्यांचा सख्खा मेव्हणा होता, ज्याचं रंगाचं दुकान होतं आणि ज्याने जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. छातीवर संघटनेचा बिल्ला मात्र होता. विरोधी गटाने आरडाओरडा केला, तेव्हा ठरावसर टेबलावर मूठ आपटून गरजले होते की आमच्या संस्थापकांनी घालून दिलेली रीत आहे, बिल्ला बघा, चेहरा बघू नका. बिल्ला असेल त्याचा हात. त्याच दिवशी ते नियमावलीत पक्कं करून घेतलं. हे सांगताना भोंगा हसून लोळत होती. पाहुणी हसली नाही. तिने फक्त विचारलं, मग तो हात मोजला कुणी? भोंगाचं हसू जागच्या जागी थांबलं. मोजला होता आईने.

पाहुणीला घाई होती. शालान्त परीक्षेला बसायचं तर या सोमवारपर्यंत कुठल्यातरी वर्गाच्या पटावर नाव लागायला हवं होतं. स्वागत कक्षाला पट नव्हता. तो वर्गच नव्हता. नाव लागलं नाही तर वर्ष गेलं, आणि तिच्या बापाने सांगून ठेवलं होतं की वर्ष गेलं तर शाळा पुरे, मावशीबरोबर कपडे इस्त्री करायला जायचं. बाप दुष्ट नव्हता. त्याने फक्त इतक्या महिन्यांची बदकं पाहिली होती.

सभेच्या आदल्या संध्याकाळी भोंगाने घरी आईला धारेवर धरलं. तुमच्या सभेत उद्या हा विषय आहे, तू उठून दोन शब्द बोल, तुझं सगळे ऐकतात. आई विळीवर भाजी चिरत होती. ती म्हणाली की मोजणाऱ्याने बोलायचं नसतं. तो बोलला की त्याच्या मोजण्यावर विश्वास राहत नाही. भोंगा चिडून म्हणाली, मेव्हणा मोजताना बरा राहिला विश्वास. आईचा हात विळीवर थांबला. तिने वर पाहिलं नाही, भाजीही पुढे चिरली नाही. मग एवढंच म्हणाली, “मी नियम मोजला. लाज मला वाटली, त्याला नाही.”

शनिवारी सभागृह भरलं. भरलं म्हणजे पुढच्या ओळी रिकाम्या आणि मागच्या ओळींत दाटी, शिक्षकांची सभा अशीच भरते. जे गुरुजी वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांचे कान उपटतात ते सगळे मागच्या बाकांवर. कुणी उत्तरपत्रिका तपासत होतं, कुणी पेंगत होतं. व्यासपीठावर ठरावसरांची लाल मखमली खुर्ची. पाणी देण्यासाठी आणि मुलांना रांगेत आणण्यासाठी वरच्या वर्गातल्या मुली बोलावल्या होत्या, त्यांत भोंगा.

मुलांना रांगेत का आणायचं, तर फोटोसाठी. ठरावसरांना संघटनेच्या अंकात पहिल्या पानावर फोटो हवा होता. मुलं पुढच्या रिकाम्या ओळीत बसवली. फोटोवाल्याने पाहिलं, म्हणाला, ओळखू कसं येणार की ही तुमच्या संघटनेची आहेत? ठरावसरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी बिल्ल्यांची पेटी मागवली आणि स्वतः वाकून, एकेका मुलाच्या छातीवर, कौतुकाने गाल ओढत, बिल्ले लावले. दहा मुलं, दहा बिल्ले. पाहुणीचा गाल ओढायला गेले तेव्हा तिने मान मागे घेतली. बिल्ला मात्र नीट लावून घेतला. फोटो निघाला. ठरावसर वर जाऊन मखमलीवर बसले. बिल्ले काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण फोटो झाल्यावर मुलं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग भाषण. ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याने एक ऐकलं त्याने सगळी ऐकली. माता, मानवता, पणती, अंधार, पुन्हा मानवता. शेवटी ठराव: संघटना या चिमुकल्यांच्या पाठीशी खंबीरपणे उभी आहे, आणि नवी पदं मंजूर होईपर्यंत त्यांना स्वागत कक्षात प्रेमाने ठेवावं. चिमुकल्यांतली सगळ्यांत उंच चिमुकली खुर्चीत ताठ बसून ऐकत होती.

तेव्हा चित्रकलेचे सर उभे राहिले. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, बहुधा त्यांच्याही. म्हणाले की मी या मुलांकडून बदकं रंगवून घेतो आणि मला आता बदक दिसलं की शरम वाटते. त्यांनी दुरुस्ती मांडली: पदं मिळतील तेव्हा मिळोत, सोमवारपासून प्रत्येक मूल आपापल्या वयाच्या वर्गात जावं, या मुलांपुरती पस्तिशी आपणच सैल करावी, भाषेसाठी शाळा सुटल्यावर आपल्यातल्याच सात-आठ जणांनी आळीपाळीने तास घ्यावेत, आपलं नाव ते पहिलं देतात, आणि पदांसाठी भांडायचं ते मुलं वर्गात बसवून भांडू, बाहेर ठेवून नको.

सभागृहात कुजबुज झाली. गणिताच्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या की एकदा सैल केलं की सरकार कायमचं सैल करेल, उद्या पुन्हा साठ मुलं डोक्यावर बसतील, मग चित्रकलेचे सर येणार आहेत का वह्या तपासायला. हे बोलणं वाजवी होतं, म्हणून भोंगाला आणखीच राग आला. ठरावसरांना दुरुस्ती पडणार याची खात्री होती, म्हणून ते उदार झाले. म्हणाले, लोकशाही आहे, घ्या मत, मग चहा.

‘चहा’ शब्द ऐकून निम्मे लोक तिथल्या तिथे जागे झाले आणि त्यांतले बरेच सरळ दाराकडे निघाले. मानवता आपल्या जागी, पहिल्या वाफेचा चहा आपल्या जागी.

भोंगा पुढच्या ओळीत मुलांना पाणी देत होती. पाहुणीने ग्लास घेतला नाही. तिने छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, “तू सांगितलेलं ते खरं ना? का नुसतं हसवायला?”

भोंगाला कळायला क्षणभर लागला. तिने मान हलवली. खरं.

पाहुणी मुलांकडे वळून त्यांच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलली. चिमुरड्याने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, त्याने मान डोलावली.

दुरुस्तीच्या बाजूने हात वर करा, असं पुकारलं गेलं. चित्रकलेच्या सरांचा हात पहिला. मग इकडेतिकडे, भाषेच्या बाई, प्रयोगशाळेचे सर, निवृत्तीला टेकलेले दोघे, हळूहळू आणखी. कुणी आजूबाजूला पाहून खांद्यापर्यंतच वर केला, दुरुस्ती पडली तर केस सारखे केले म्हणता यावं असा. आणि पुढच्या ओळीत दहा हात. सरळ, वर, कोपरं ताठ. चिमुरड्याने दोन्ही वर केले होते, पाहुणीने त्यातला एक खाली ओढला.

आधी लोक हसले. ठरावसरही हसले, फोटोवाल्याला म्हणाले, घे, घे, हाही घे. त्याने घेतला.

आई मागच्या ओळीपासून मोजत आली. ती नेहमी ओठ न हलवता मोजायची. ओळीमागून ओळ करत ती पुढच्या ओळीशी पोहोचली आणि थांबली. भोंगा तिच्यापासून हातभर अंतरावर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आईने लेकीकडे पाहिलं नाही. तिने पहिल्या मुलाच्या छातीकडे पाहिलं, मग दुसऱ्याच्या. बोट पुढे केलं आणि एकेका बिल्ल्यावरून पुढे नेलं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं.

हसणं विरलं. ठरावसर मखमलीवरून अर्धे उठले. “अहो बाई, ती मुलं आहेत.”

“हो,” आई म्हणाली. “मागच्या वेळी मेव्हणे होते.”

मग मागच्या ओळीत विरोधी गट, जो मुलांच्या विषयावर इतका वेळ घोरत होता, खडबडून जागा झाला. त्यांना मुलांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण हे हात बाद तर मेव्हण्याचाही बाद, आणि मेव्हण्याचा बाद तर सरचिटणीसही बाद, हा हिशेब त्यांना झोपेतही जमला असता. त्यांच्यातला एक जाडजूड गृहस्थ मधाळ आवाजात म्हणाला की सर, तुम्हीच सांगा, बिल्ला बघायचा की चेहरा? ठरावसरांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्यांचे भरवशाचे लोक बाहेर चहाला होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतके रंग येऊन गेले की जिन्याखालच्या खोलीला वर्षभर पुरले असते.

आईने विरुद्ध हातही मोजले, तितक्याच सावकाश. गणिताच्या बाईंचा हात तिने मोजला, बाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं तरी. मग व्यासपीठाखाली उभी राहून तिने आकडे सांगितले. दुरुस्ती तीन हातांनी मंजूर.

ठरावसर उठले. घसा साफ केला. आणि काय सांगावं, माणूस खरंच तयारीचा. तिथल्या तिथे डोळे पुसून म्हणाले की आज या चिमुकल्या हातांनी इतिहास घडवला आहे, आणि ही कल्पना आपल्या मनात पहिल्यापासून होती. टाळ्या पडल्या. भोंगाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पाहुणीला म्हणाली, बघ, बघ कसा श्रेय लाटतो आहे. पाहुणी म्हणाली, घेऊ दे, मला वर्ग हवा होता, श्रेय त्याला ठेव.

पुढच्या महिन्यात अंक आला. पहिल्या पानावर दहा हात आणि वर ठरावसरांचा हसरा चेहरा. आतल्या पानावर बारीक टाइपात एक बातमी होती: भोंगाच्या आईला मोजणीच्या जबाबदारीतून ‘आदरपूर्वक मुक्त’ केलं आहे, आणि यापुढे ते काम एक अनुभवी सभासद पाहतील. अनुभवी सभासदांचं रंगाचं दुकान आहे हे छापायचं राहून गेलं. आईने ते वाचलं, अंकाची घडी घातली आणि डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल नीट बसलं.

पण ते नंतर. सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांनी पाहुणीचं नाव पटावर चढवलं आणि हात झटकून सांगितलं, की बाक मात्र नाही. बाकाला या वेळी पंख फुटले नाहीत. तेव्हा भोंगा सभागृहात गेली, व्यासपीठावरून लाल मखमली खुर्ची उचलली आणि ती डोक्यावर घेऊन, जिना चढत, भर मधल्या वाटेने वर्गात आली. वर्ग खिदळला. गणिताच्या बाईंनी खुर्ची पाहिली, खुर्चीत बसलेली मुलगी पाहिली, आणि फळ्यावर गणित लिहिलं. मग खडू पाहुणीपुढे धरला.

भोंगा दात-ओठ खात उठणारच होती. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, सूड घेते आहे बाई. पण पाहुणी गेली. ती गणित सोडवू लागली आणि मधल्याच पायरीवर घसरली. बाईंनी लाल खडू घेऊन त्या पायरीवर मोठी फुली मारली.

“चूक. मागचं सगळं राहिलंय तुझं. उद्यापासून अर्धा तास आधी येत जा, मी असते.”

पाहुणी परत येऊन बसली. भोंगा तिच्या कानाशी लागून म्हणाली की मनावर घेऊ नको, बाई अशीच आहे, खडूस. तर पाहुणीचा चेहरा उजळलेला. जिन्याखाली इतके महिने तिने जे काही रंगवलं त्याला सगळे छान म्हणत आले होते, काळ्या बदकालाही. तिने वही उघडली, फळ्यावरचं गणित जसंच्या तसं उतरवून घेतलं, चुकीच्या पायरीसकट, आणि भोंगाकडून लाल पेन मागून तिच्यावर मोठी फुली मारली.